डबा फिरवायची पाळी

आमच्या सुरूवाडीत कोणालाही विचारा, "काय, आज मासा कुठे लागला?" तो हात उत्तरेला करील. म्हणजे मासा दक्षिणेला लागलेला असतो, नाहीतर पश्चिमेला. उत्तरेला मात्र नक्की नाही. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. बायकोने विचारलं तर तिला खोटं सांगतात, व्याह्याने विचारलं तर त्याला हौसेने सांगतात. माझा बाबा, हिराजी चोगले, एकदा देवळात गुरवाने सहज विचारलं तर तिथेही थाप मारून मोकळा झाला. बाहेर आल्यावर मी ओरडले, तर म्हणाला, "देवाला ठाव हाय. गुरवाला कशाला पायजे?"

आणि अशा माणसाची मुलगी मी, हर्षाली, नोकरी कुठे करते? तर समुद्राचा नकाशा ठेवणाऱ्या कचेरीत! रत्नागिरीला दर्यापट केंद्र आहे, तिथे दिवसभर पडद्यासमोर बसून कोणती होडी कुठे आहे हे बघायचं. आमच्या गावात माझी ओळख करून देताना लोक जरा आवाज खाली आणतात.

दर्यापट म्हणजे शाळेच्या भिंतीवर टांगलेला नकाशा नव्हे. तो थरांचा बनलेला आहे. सगळ्यात खाली समुद्राचा तळ, म्हणजे खडक, वाळू, गाळ. त्यावर तळातून गेलेल्या इंटरनेटच्या केबली. त्यावर बंदरात येणाऱ्या मोठ्या जहाजांची वाट, त्यावर अलीकडे समुद्रात उभ्या राहिलेल्या पवनचक्क्या. त्याच्यावर उपग्रहाने पाठवलेला पाण्याचा रंग आणि पाण्याची ऊब. पाणी कुठे हिरवट झालंय, म्हणजे शेवाळ कुठे दाटलंय, म्हणजे मासा कुठे चरायला येईल, हे त्यावरून कळतं. आणि सगळ्यात वरचा थर होड्यांचा. प्रत्येक होडीवर सरकारी डबा बसवलेला. तो दर मिनिटाला होडीचा ठावठिकाणा सांगतो.

हे सगळं एकावर एक ठेवलं की ज्याला जे हवं ते दिसतं. विमा कंपनी वादळाचा थर बघते आणि हप्ता ठरवते. बर्फाच्या कारखान्याला किती होड्या कधी परतणार ते कळतं, तेवढाच बर्फ फोडतात. केबलवाले कोण नांगर टाकतंय त्यावर डोळा ठेवतात. आणि मासेवाल्यांसाठी यंत्र स्वतःच हिशेब लावतं: होडी मंदावली, गोल फिरली, तिथेच रेंगाळली, म्हणजे जाळं ओढलं, म्हणजे इथे मासा आहे. तासाभरात ती जागा पडद्यावर पिवळी होते आणि सगळ्यांना दिसते.

हेतू चांगलाच होता. कोणी बुडत असेल तर ताबडतोब सापडावा आणि समुद्र एकाच्या बापाचा नसावा. पण झालं काय, सुरूवाडीची होडी सकाळी जिथे थांबे, तिथे दुपारपर्यंत लांबलांबच्या ट्रॉलर हजर. तळापासून खरवडून न्यायच्या. आमच्या होड्यांना पिल्लंसुद्धा उरेनात.

मग सुरूवाडीने डोकं लढवलं. डबा काढायला बंदी होती, पण स्क्रूड्रायव्हर तर सगळ्यांकडे होते. रोज एका होडीची पाळी लावली. त्या होडीने सगळ्या गावाचे डबे टोपलीत घ्यायचे आणि भलतीकडेच जायचं. जाळं ओढल्यासारखं मंदावायचं, गोल फिरायचं, थांबायचं. बाकीच्या होड्या निमूट आपल्या जागेवर. याला म्हणतात डबा फिरवायची पाळी. गोमाकाकाची पाळी आली की तो इतका रंगात यायचा, की रिकाम्या पाण्यात तीनतीनदा घिरट्या घालायचा, आणि मागून आलेले ट्रॉलरवाले आईबहिणीवरून उद्धार करत परत जायचे. गाव पोट धरून हसायचं.

गावाची खरी जागा एकच. तिला कोठार म्हणतात. ती कुठे आहे हे सुरूवाडीच्या प्रत्येक तांडेलाला, म्हणजे होडी हाकणाऱ्याला, ठाऊक. मला नाही! नारळी पुनवेला नारळावर हात ठेवून शपथ होते की कोठार गावाबाहेर जाणार नाही, आणि लग्न होऊन गेलेली मुलगी म्हणजे गावाबाहेरची. त्यात माझं सासर खाडीपलीकडे आणि माझ्या दिरांच्या स्वतःच्या दोन ट्रॉलर. बाबाने मला जेवताना मासा वाढला, पण तो कुठला हे कधी सांगितलं नाही. मला याचा राग यायचा. अजून येतो.

ही गोष्ट घडली त्या वर्षी दिवाळी उरकली होती आणि हवा कुंद होती. दुपारचं जेवण झालं तोवर पटावरचा वादळाचा थर जांभळा व्हायला लागला. आम्ही सगळ्या गावांना इशारे पाठवले. पडद्यावर सुरूवाडीचे ठिपके हळूहळू धक्क्याला लागले. एकूण एक. मी हुश्श केलं आणि चहा मागवला.

तेवढ्यात वहिनीचा फोन. माझ्या दादाची, निकेशची बायको, दर्शना.

"हर्षू, हे आले नाहीत गं."

मी पडद्याकडे बघितलं. भाग्यश्री, निकेश हिराजी चोगले, धक्क्यावर, सुरक्षित. हिरवा ठिपका. तेव्हा कुठे मला टोपली आठवली.

"आज पाळी कोणाची होती?" मी विचारलं.

"गोमाकाकाची. वारा फिरल्याबरोबर ते आले. सगळे आले. आपलीच होडी नाही आली. दोन खलाशी आहेत बरोबर."

दादाचा डबा गोमाकाकाच्या टोपलीत, टोपली धक्क्यावर, आणि दादा समुद्रात. मोबाईलही बंद, कारण कोठारावर जाताना मोबाईल बंद ठेवायचा. मोबाईलसुद्धा जागा सांगतो ना! वायरलेस लागत नव्हता. साऱ्या किनाऱ्यावर नजर ठेवणारं ते यंत्र मला छाती ठोकून सांगत होतं की माझा भाऊ सुखरूप आहे.

मी बाबाला फोन लावला. मागे बराच गलका होता. सगळं गाव धक्क्यावर जमलेलं.

"बाबा, कोठार कुठे आहे ते सांग. ड्रोन सोडते."

"आपल्या दोन होड्या गेल्यात. आणतील त्याला. तू गप बस."

"या वाऱ्यात होड्या जातील? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं सगळ्यांचं? बाबा, जागा सांग!"

 बाबाने सरळ, घडाघडा सांगितलं: दीपस्तंभाच्या उत्तरेला, अमुक इतक्या अंतरावर, अमुक इतकं खोल पाणी. मी लिहून घेतलं आणि सामंत मॅडमकडे धावले.

सामंत मॅडम म्हणजे आमच्या साहेब. मालवणच्या. तोंडाने फटकळ, मनाने सरळ. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं.

"होडी धक्क्यावर आहे, हर्षाली."

"डबा धक्क्यावर आहे, मॅडम. होडी नाही."

"असं कसं?"

"ते नंतर विचारा. पाहिजे तर मला घरी बसवा. आत्ता ड्रोन सोडा, पाया पडते तुमच्या!"

त्यांनी दोन ड्रोन सोडले. बंद पडलेली होडी एका जागी थांबत नाही, वारा आणि पाणी तिला ओढून नेतं. ती कुठून निघाली एवढं सांगितलं की यंत्र पुढे पंखा उघडतं: एका तासाने ती या पट्ट्यात असेल, दोन तासांनी या. पण पंख्याची मूठ चुकली तर सगळा पंखा चुकतो. दोन्ही ड्रोन दीपस्तंभाच्या उत्तरेला गेले, पट्टा विंचरून काढला. फेसाळलेलं पाणी, आणखी पाणी. एक निळं पिंप तरंगताना दिसलं तेव्हा मी उभी राहिले. ते पिंपच होतं.

मी खाली बसले आणि बाबाचा आवाज आठवला. माझा बाप खरं सांगताना अडखळतो. आई गेली ते सांगायला त्याला किती वेळ लागला होता! खोटं मात्र तो असं सांगतो, की वाचून दाखवतोय. दीपस्तंभाच्या उत्तरेला. उत्तरेला! आणि मी शहाणी, इतकी वर्षं त्याच गावात वाढलेली, ते खरं धरून बसले.

मला इतका संताप आला की हातातला पेला मी टेबलावर आपटला. पोटचा पोरगा समुद्रात आणि हा माणूस नारळाची शपथ सांभाळतोय! मग वाटलं, तो चारचौघांत उभा आहे. होड्या गेल्यात, त्या आणतील, असं त्याने मनाशी धरलंय. चाळीस घरांचं कोठार एका फोनवर द्यायला त्याची जीभ उचलली नसेल. तरी राग काही गेला नाही. फोन पुन्हा लावला तर लागेना.

ड्रोनची बॅटरी उतरत होती आणि उजेडही. बापाला विचारून उपयोग नव्हता, तेव्हा मी नकाशालाच विचारायचं ठरवलं.

पण नकाशात तर सुरूवाडीच्या थापाच भरलेल्या. पाळ्या सुरू झाल्यापासूनचे सगळ्या डब्यांचे माग मी एकदम उघडले. पडद्यावर रेघांचा नुसता गुंता झाला. गोमाकाकाच्या घिरट्या, कोणाच्या सरळ फेऱ्या, कोणाचं उगाच रेंगाळणं. सगळं खोटं. आणि मग मला ते दिसलं. गुंत्यात भोकं होती.

आता बघा, थाप मारणारा माणूस कुठेही जाईल, पण खऱ्या जागेच्या आसपास फिरकणार नाही. तिथे चुकून जरी डबा रेंगाळला तरी पडदा पिवळा होईल, हे प्रत्येकाला ठाऊक. कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती. ज्याची पाळी असेल तो आपणहून कोठार टाळायचा. इतक्या माणसांनी इतके दिवस एकच जागा टाळली तर तिथे रिकामं राहणारच. ज्याने त्याने लपवलेली जागा सगळ्यांनी मिळून आखून ठेवली होती.

पण भोकं पाच होती. मी एकेक थर त्यावर टाकायला लागले. खडकांचा थर टाकला, एक भोक खडकावर बसलं. तिथे कोण जाईल मरायला? बंदराच्या वाटेचा थर टाकला, दुसरं त्यात गेलं. केबलींवर नांगर टाकायला बंदी, तिसरं गेलं. पवनचक्क्यांच्या कुंपणात चौथं. पाचव्याला कसलंच कारण नव्हतं. स्वच्छ वाळूचा तळ, एका बाजूला उतार, वर्षभर गार पाणी, आणि एकही होडी तिकडे फिरकलेली नाही. दीपस्तंभाच्या दक्षिणेला, बरंच बाहेर.

यावेळी फोन लागला. मागचा गलका थांबला होता. बाबा म्हणाला, "होड्या परत आल्या गो. लाटा काय हायत... जाता नाय आलं."

"बाबा, तू काही सांगू नकोस. तुझी शपथ तुझ्यापाशी ठेव. मी सांगते, तू फक्त हो म्हण." आणि मी जागा सांगितली. पवनचक्क्यांच्या रांगेबाहेर, दीपस्तंभाच्या दक्षिणेला, जिथे तळ उताराला लागतो तिथे.

 

"तुना... तुना कोणी..." बाबा अडखळला. मागून कोणीतरी म्हणालं, "काय विचारते पोरगी?" बाबाने त्याला उत्तर दिलं नाही. मोठ्याने, सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "व्हय! तितंच हाय कोठार! पाठव, बाय, लवकर पाठव!"

मी जागा भरायला बसले. सामंत मॅडम मागे उभ्या होत्या.

"हर्षाली, तुला माहीत आहे ना, शोध नोंदवल्याशिवाय ड्रोन उडत नाही. आणि शोधाची जागा सगळ्यांना दिसते. पट पुसता येत नाही."

मला माहीत होतं. माझ्याच हाताखालून हे रोज जात होतं. चाळीस घरांचं अन्न त्या एका ठिपक्यात होतं, आणि माझ्या दिरांच्या ट्रॉलर धक्क्याला टेकून नुसत्या वाट बघत होत्या. दादाचं तोंड डोळ्यांपुढे आलं. लहानपणी मला पाण्यात ढकलून पोहायला शिकवणारा गाढव. मी कळ दाबली.

यंत्राने नवा पंखा उघडला. उजेड जाता जाता दुसऱ्या ड्रोनला उलटी झालेली होडी दिसली आणि तिच्या पाठीवर तीन माणसं. त्यातल्या एकाने हात हलवला. मी तिथेच, कचेरीत, गळा काढून रडले. मॅडमनी बचावाची बोट पाठवली आणि मला खुर्चीत बसवून पाणी पाजलं.

सकाळी वारा पडला, शोधाची जागा बघून कोणीतरी तिथे जाळं ओढलं, आणि कोठार पिवळं झालं. दुपारपर्यंत तिथे ट्रॉलरींची रांग लागली. सगळ्यात पुढे आमच्या घरची. धाकट्या दिराचा फोन आला, "वहिनी, काय जागा दाखवलीत! मानलं तुम्हाला!" मी फोन आपटला आणि नवऱ्याशी विनाकारण भांडले.  महिन्याभरात कोठारात गाळ तेवढा उरला.

चौकशी झाली. सुरूवाडीचा एकूण एक माणूस म्हणाला की डबा दुरुस्तीला उतरवला होता. एकाही जबानीत फरक नाही. खोटं बोलण्यात आम्हाला कोण हरवणार? पण मी माहेरी गेले तेव्हा बायका पाणवठ्यावरून उठून गेल्या. त्यांचंही चूक नव्हतं.

दादा तालुक्याच्या दवाखान्यात होता. हाताला प्लास्टर, ओठ फुटलेले. मला बघून म्हणाला, "कसं शोधलंस गं? बाबाने तर सांगितलं नव्हतं."

मी फुशारकीने सगळं सांगितलं. भोकं, थर, पाचवं भोक. तो नीट कान देऊन ऐकत होता. शाळेत कधी इतकं ऐकलं नव्हतं त्याने.

"म्हणजे आमी जिथं कधीच डबा नेला नाय, तीच जागा?"

"तीच."

"आयला!" तो म्हणाला आणि हसला. ओठ दुखला म्हणून परत कळवळला. मीही हसले. भाऊ जिवंत होता, हसायला काय झालं?

पावसाळा आला. नारळी पौर्णिमा झाली. दादाने कर्ज काढून नवी होडी घेतली, आणि सुरूवाडीला कुठेतरी नवी जागा लागली, कारण वहिनीने पाठवलेल्या जेवणाच्या डब्यात पुन्हा चांगला मोठा सरंगा मासा यायला लागला. एक दिवस कचेरीत निवांत होते म्हणून सहज सुरूवाडीचे नवे माग उघडले. भोक कुठे पडतंय बघू म्हटलं.

भोक नव्हतं. खडक आणि केबली सोडल्या तर सगळा समुद्र एकसारखा रेघांनी भरलेला. गोमाकाकाच्या घिरट्यासुद्धा आता शिस्तीत होत्या, आज इथे, उद्या तिथे, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. मी पुन्हा पुन्हा थर टाकून बघितले. नवी जागा जिथे कुठे असेल तिच्यावरूनही ते डबे घेऊन जात असणार, न थांबता, बाकीच्या पाण्यावरून जावं तसंच. माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. रजा टाकली आणि तडक सुरूवाडी गाठली.

दादा धक्क्यावर जाळं विणत होता. शेजारी बाबा.

"हे तू शिकवलंस त्यांना?" मी विचारलं.

"रिकामी जागा ठेवायची नाय, एवढंच सांगितलं. तूच बोललीस ना." त्याला केवढा अभिमान वाटत होता.

"अरे गाढवा! मग पुढच्या वेळी तुला शोधू कशी मी?"

तो जाळ्यात पुढची गाठ घालायला लागला. मी बाबाकडे वळले. "नवी जागा कुठे आहे? मला एकटीला सांग. नारळ आण, मीपण हात ठेवते."

बाबाने सुई खाली ठेवली. "तुना सांगितली तर तू त्याला शोधशील," तो म्हणाला. "आणि शोधलंस तर जागा समद्यांना दिसल."

"मग मरू द्यायचा त्याला?"

"चाळीस घरं हायत, बाय." त्याचे डोळे भरले होते. तो खोटं बोलत नव्हता. मी भांडले, रडले, दादाच्या पाठीत एक धपाटा घातला. त्या दोघांनी मला जेवूखाऊ घातलं, सरंगा वाढला, आणि संध्याकाळच्या एसटीत बसवून दिलं. जागा सांगितली नाही.

आता दादा समुद्रावर गेला की संध्याकाळी वहिनीचा फोन ठरलेला. पडद्यावर ठिपका असतो. त्यावर निकेश हिराजी चोगले असं नाव असतं, आणि तो ठिपका ज्याची पाळी असेल त्याच्या टोपलीत असतो. हे वहिनीला ठाऊक आहे, मलाही. वादळाचा थर कधी कधी जांभळा झालेला असतो.

"हर्षू, दिसतायत का गं हे?" ती विचारते.

"दिसतोय ना," मी म्हणते, अजिबात न अडखळता. "खाडीच्या तोंडाशी आलाय. तू भात लाव."